कोलूच्या खापरातला निखारा

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात राजा नव्हता, राणी नव्हती. विस्तव मात्र एकच होता, अख्ख्या गावात मिळून एक. कुणाची चूल विझली की तो शेजारी जायचा आणि खापरात निखारा मागून आणायचा. आणि बरं का, निखारा असाच मिळायचा नाही. देणारा विचारायचा, "घरात काय?" मग घेणाऱ्याने खरं सांगायचं. म्हातारी खोकते आहे. गाय व्याली. काल आम्ही भांडलो. खोटं बोललं की निखारा लगेच काळा पडायचा. म्हणून कुणी खोटं बोलत नसे, आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते ऊन वर यायच्या आत गावाला कळायचं.

मग बंदूकवाले आले. आधी डोंगरावरचे आले. म्हणाले, खालच्यांना भाकर कुणी दिली? मग खालचे आले. म्हणाले, वरच्यांना भाकर कुणी दिली? आता भाकर तर मागेल त्याला मिळायची, आणि बंदूक घेऊन मागणाऱ्याला तर मिळायचीच. पण हे उत्तर त्यांना चालत नव्हतं. त्यांना एक नाव पाहिजे होतं.

त्या गावात बुधरी राहायची. तिचा थोरला भाऊ कोलू. आईबाप नव्हते, दोघंच. कोलू तिला म्हणायचा, "तुझ्या हातची भाकर खाल्ली की बंदूकवाले आपोआप पळतील." ती म्हणायची, "मग तू का नाही पळत?" असं त्यांचं रोजचं चालायचं.

एका सकाळी मासरीआत्याच्या घरावर धूर दिसेना. मासरी म्हातारी, तिला उठवत नव्हतं. मग कोलूच खापरात निखारा घेऊन निघाला. वाटेत चिंच होती. चिंचेखाली बंदूकवाल्यांनी त्याला धरलं. निरोप घेऊन कुणाकडे चाललास, म्हणाले. तो म्हणाला, विस्तव आहे. त्यांना पटलं नाही. त्यांनी त्याला नेलं आणि मारलं.

वरच्यांनी की खालच्यांनी, ते विचारू नका. मेला तो मेला.

मग गावाला वाटलं, कुणीतरी नाव सांगितलं असणार. कुणाला शेजाऱ्याचा संशय, कुणाला जावेचा. बुधरीला वाटलं, मासरीनेच सांगितलं, तिच्याच वाटेवर धरला ना त्याला. दारं लागली. ज्याने त्याने आपापला विस्तव घरात कोंडला.

पण विस्तवाला कोंडून राहायची सवय नव्हती. आधी त्याची ऊब गेली. जाळ दिसायचा, पण हात शेकेनात. मग त्याचा रंग गेला. आणि मग तो विझलाच. लोकांनी चकमक झाडली, लाकडावर लाकूड घासलं, काही पेटेना. लोक भिजवलेले तांदूळ चावून दिवस काढू लागले. पोरं रडायची ती पण तोंड दाबून. शेजारी ऐकू जायला नको ना.

मग एक दिवस बुधरी चिंचेखाली गेली. भावाचं खापर तिथेच पडलं होतं. तिने ते उचललं, तर राख कोमट. राखेखाली निखारा जिवंत. आणि विस्तवाला तेव्हा बोलता येत होतं, बरं का.

निखारा म्हणाला, "कुठे नेतेस?"

"मासरीकडे."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "तिच्या चुलीत?"

बुधरी चालत राहिली.

दारात आल्यावर म्हणाला, "तिच्या छपरात?"

"हो."

निखारा म्हणाला, "मी पेटेन. मला काय. पण कोलूने मला चुलीसाठी काढलं होतं."

बुधरीने ऐकलं नाही. तिने खापर वळचणीच्या गवताशी नेलं. तेवढ्यात आतून मासरी म्हणाली, "कोण आहे? बंदूकवाले असाल तर दार तुम्हीच ढकला, मला उठवत नाही."

मासरीला विस्तवाचा वास आला. मग जुन्या सवयीने तिने विचारलं, "घरात काय?"

आता खरं सांगायला पाहिजे होतं. बुधरी म्हणाली, "घरात भाऊ नाही. आणि मी तुझं घर जाळायला आले आहे."

निखारा लालभडक झाला.

आत मासरी कशीबशी कुशीवर वळली. मग म्हणाली, "आधी आत ये. तांदूळ भिजलेत. शिजले की जाळ."

मग बुधरी आत गेली. चूल पेटली. भाताला उकळी आली तेव्हा मासरी म्हणाली, "नाव मी नाही सांगितलं." दोघींनी निखाऱ्याकडे पाहिलं. तो लालच होता. मग दोघी जेवल्या. बुधरी जेवताना रडली, मासरीने तिला आणखी वाढलं.

नाव कुणी सांगितलं, की कुणीच सांगितलं नव्हतं, ते कधी कळलं नाही. बुधरी खापर घेऊन दुसऱ्या दारी गेली, मग तिसऱ्या, मग सगळ्या. प्रत्येक दारी तोच प्रश्न, आणि प्रत्येक घरात भीतीच निघाली. कुणी म्हणालं, आम्ही तुझ्यावरच संशय घेतला. बुधरी म्हणाली, घेतला तर घेतला, खापर पुढे कर.

मग बंदूकवाले परत आले. म्हणाले, भाकर कुणी दिली? सगळी दारं उघडली. सगळं गाव हातात खापर घेऊन चिंचेखाली उभं राहिलं. मासरीला दोघांनी उचलून आणलं. बुधरी म्हणाली, "विस्तव गावाचा, म्हणून भाकर गावाची. नाव पाहिजे तर सगळ्यांचं घ्या, नाहीतर कुणाचंच नाही."

त्यांनी चाप ओढला. नुसता खटका वाजला. बंदुकीतला विस्तव पण विस्तवच ना. तो पेटायला तयार नव्हता. मग ते निघून गेले.

पुन्हा आले का? आले. पण तेव्हापासून गावात एक नवी रीत पडली. निखारा देणारा नुसता देत नसे, घेणाऱ्याच्या दारापर्यंत सोबत जायचा. चिंचेखालून एकटं कुणी गेलं नाही. त्यामुळे पुन्हा कुणी एकटं सापडलं नाही. पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, सगळ्यांना गरम भात मिळाला.

आणि कोलू? कोलू परत नाही आला. गोष्टीत पण नाही आला.

आता डोळे मिटा. मी चुलीतल्या निखाऱ्यावर राख ओढली आहे. सकाळी शेजारचं कुणी खापर घेऊन आलं की मी देईन, आणि सोबत जाईन. झोपा.