ऐनाने खाल्लेलं ऊन

फार पूर्वी मी तरणी सागीण होते. उंची ताडमाड, अक्कल बीजाएवढी. आमच्या रोपवनात अभ्यासाला आलेल्या बाई झाडांचा घेर मोजत होत्या. मी शेजारच्या ऐनाच्या झाडावर डहाळी रोखली, "हा माझं ऊन खातो. तोडा याला, मग बघा माझा घेर!"

"अगं, माझ्या आडोशानेच सरळ वाढलीस," ऐन म्हणाला.

"गप रे थेरड्या!"

बाईंनी ऐन तोडला. मोकळ्या उन्हात माझ्या खोडावर जागोजागी फांद्या फुटल्या आणि पहिल्याच वादळात मी कमरेत वाकले. बाईंनी वहीत लिहिलं, 'वाकडी. तुळईला निरुपयोगी.'

पुढे ऐनाच्या खुंटाला धुमारा फुटला. बाईंनी त्यावर कोयता उगारला, तशी ही वाकडी खेकसली, "खबरदार! खाऊ द्या त्याला माझं ऊन."