भुजंगराव महाराजांना न पाहिलेली पाखरं

राजे भुजंगराव तळ्यावर गेले की पाखरं उडून जात!

थंडी पडली की लांबलांबच्या मुलखांतून चक्रवाक, कादंब, रोहित असे थवेच्या थवे सोनतळ्यावर उतरत. सारा गाव ती पाहायचा. एकट्या राजांना मात्र आजवर फक्त शेपट्या दिसल्या होत्या. राजे जायचे तेही थाटात. पुढे नगारा, मागे हत्ती, डोक्यावर जरीची छत्री. काठावर पोचताच भालदार ओरडायचा, "महाराज येत आहेत होऽऽ!" की फडफडफड! आभाळ काळं आणि तळं रिकामं.

"हा आमचा अपमान आहे!" राजे गरजले.

दिवाण विसाजीपंत हात चोळत म्हणाले, "पाखरांची काय बिशाद, महाराज! काठावरच्या भोयांचीच फूस असणार. दिवसभर त्यांच्यात वावरतात ना!"

झालं! दवंडी पिटली. तळ्यात कुणी पाय घालायचा नाही. जाळी काठावर वाळत पडली, भोयांच्या चुली विझल्या. पोरं नुसती पाण्याकडे बघत बसू लागली.

तेव्हा सारजा भोईण उठली. पदर खोचून थेट दरबारात आली.

"सरकार, पाखरं उडाली आणि उपाशी आम्ही मरायचं? हा कुठला न्याय?"

"मग पाखरांना समजाव!" राजे म्हणाले. "उद्या सकाळी आम्ही तळ्यावर येतो. आम्हाला पाहून पाखरं उडाली नाहीत, तर तळं सगळ्यांना खुलं. उडाली, तर तुमची वस्ती मुलखाबाहेर!"

"आणि पाखरं बांधायची नाहीत, पंखही छाटायचे नाहीत," दिवाणजींनी जोडून दिलं.

दरबार हसला. सारजानं पदर आणखी घट्ट खोचला.

"कबूल! पण तळ्यावर सरकारांनी माझं ऐकायचं."

"राजानं भोईणीचं ऐकायचं?" दिवाणजी किंचाळले.

"का? न्हावी सांगतो तशी मान वळवतातच की सरकार! तेव्हा राज्य बुडतं का?"

राजांचा हात नकळत मानेकडे गेला. "बरं, ऐकू!"

सकाळी धुकं विरत होतं. सारजानं हत्ती पार आंबराईतच थांबवला. नगारा तिथंच, छत्रीही तिथंच.

"आता तुरा काढा, सरकार. कंठा काढा. तो जरीचा अंगरखाही काढा, उन्हात लकाकतो."

"आणि जोडा?"

"तो तर आधी! भालदारापेक्षा मोठ्यानं ओरडतो."

सगळ्याचं गाठोडं बांधून तिनं हत्तीपाशी ठेवलं. राजांच्या अंगावर नवऱ्याची घोंगडी टाकली. घोंगडीला मासळीचा असा वास होता की राजांनी श्वासच धरला. दुसरी घोंगडी दिवाणजींच्या डोक्यावर पडली.

"वाका!" सारजा म्हणाली. वाकले. "आणखी!" आणखी वाकले. लव्हाळ्यातून, चिखलातून तिघं पुढे सरकू लागली.

"अगं, माझी कंबर..."

"श्शू! कंबर वाड्यावर गेल्यावर दुखू द्या."

लव्हाळं संपलं आणि सारजानं हातानं थांबवलं. राजांनी घोंगडीतून डोळे बाहेर काढले.

समोर, दगड टाकला तर पोचेल इतक्या जवळ, केशरी चक्रवाकांची जोडी पंख साफ करत होती. पळीसारख्या चपट्या चोचीची थापट्या बदकं पाणी गाळत गोल फिरत होती. पलीकडे उंच पायांचे गुलाबी रोहित, डोकं उलटं करून चिखल चाळणारे! एक कादंब हंस तर राजांकडे बघत बघत गेला आणि गवत खाऊ लागला. राजे श्वास घ्यायला विसरले. या खेपेला वासामुळे नव्हे.

"हे सगळं... आमच्या तळ्यात?" ते पुटपुटले. डोळे ओले झाले होते.

एकही पाखरू उडालं नाही. सारजा हळूच म्हणाली, "सरकार, तळं खुलं झालं ना?"

राजे हो म्हणणार, तोच दिवाणजींची घोंगडी हलली.

"थांबा, महाराज! अट काय होती? महाराजांना पाहून पाखरं उडायला नकोत. पण पाखरांनी महाराजांना पाहिलंच कुठं? त्यांनी पाहिली एक घोंगडी! अट पुरी झाली नाही. वस्ती मुलखाबाहेर!"

राजांनी सारजाकडे पाहिलं. शब्दाला शब्द धरला तर दिवाणजींचं खरं होतं!

सारजानं एकदा वस्तीकडे पाहिलं. मग दिवाणजींना अगदी गोड आवाजात विचारलं, "म्हणजे या घोंगडीत बसलेत ते महाराज नाहीत?"

"म्हणजे... आहेत, पण..."

"आहेत ना? मग पाखरांनी त्यांनाच पाहिलं! आणि नसतील, म्हणजे तुरा, कंठा आणि अंगरखा म्हणजेच महाराज असतील, तर तसं सांगा. मी आपली आंबराईत जाऊन गाठोड्याला मुजरा करून येते!"

दिवाणजींनी घोंगडीतले ते महाराज म्हणावं तर हरले, नव्हेत म्हणावं तर मान जायची!

राजांना हसू फुटलं. पण मोठ्यानं हसावं तर पाखरं उडणार! त्यांनी घोंगडीचा कोपरा तोंडात कोंबला आणि गदागदा हलत हसले. डोळ्यांतून पाणी, नाकातून फुर्रफुर्र, तोंडात मासळीची चव!

"तळं खुलं!" ते कसेबसे कुजबुजले. "भोयांनाही, गावालाही, बघायला येईल त्या प्रत्येकाला! आणि सारजा, आजपासून या तळ्याची मानकरीण तू. कुणी कसं यायचं, कुठं थांबायचं, ते तू ठरवायचं. इथं तुझा शब्द आमच्यावरही चालेल!" आनंदाच्या भरात राजे उठून उभे राहिले.

"चालेल ना, सरकार?" सारजा दबक्या आवाजात म्हणाली. "मग आधी खाली बसा!"

आणि राजे भुजंगराव पचकन चिखलात बसले.