देवडोहाचा घाट

एका नदीकाठच्या गावात तुळाजी नावाचा भोई राहत होता. नदी त्याला तोंडपाठ होती. पाणी खोल आणि निवांत, तो डोह. गोट्यांवरून उथळ फेसाळत उड्या मारतं, तो खळाळ. दोघांच्या मधून गुपचूप सरकतं, ती धार. डोळे बांधून नेलं तरी नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, आपण कुठं उभे आहोत ते.

गावालगतचा डोह देवाचा. तिथला मासा कुणी धरत नसे. त्यामुळे मासे असे माजले होते, की त्यांच्या मिशा बघून खुद्द पाटील आपल्या मिशा उपरण्यानं झाकत! खोटं वाटत असेल तर पाटलांना विचारा.

एका वर्षी गावानं ठरवलं, देवडोहाला दगडी घाट बांधायचा. पाटील म्हणाले, "वरच्या खळाळात गोटेच गोटे पडलेत. देवाचे दगड देवाला. उचला!"

डोहातले मासे पावसाळ्यात त्याच खळाळावर चढत आणि गोट्यांच्या फटींत अंडी घालत. गावात हे तुळाजीच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. तो बोलायला उठला. तेवढ्यात, एरवी "अरे तुळ्या" म्हणणारे पाटील म्हणाले, "या, तुळाजीराव! पहिला गोटा तुम्ही उचलायचा. यंदा मानाचा नारळ तुमचा."

भोयांच्या सात पिढ्यांत हा मान कुणाला मिळाला नव्हता. तुळाजी नारळ घ्यायलाच उठला, असं सगळ्यांना वाटलं. त्यानंही तसंच वाटू दिलं.

घरी बायकोनं, गजराईनं विचारलं, "खळाळाचं बोललात का?"

"मान मिळाला की गं. बोलू पुढं."

"बोलाल कसं? तोंडात खोबरं आहे ना!"

घाट झाला, देखणा झाला. खळाळ मात्र मुका झाला. पावसाळ्यात मासे वर चढले, जागा शोधत फिरले. अंडी गेली वाहून. असे कितीतरी पावसाळे गेले. म्हातारे मासे एकेक करून संपले, नवं पिल्लू एकही दिसेना. शेवटी डोहात नुसतं पाणी उरलं. गाव म्हणालं, "देव कोपला." तुळाजीची मान वर होईना. देव कशाला कोपेल? गप्प तर तो स्वतः बसला होता.

मग तो दूरच्या ओढ्यातून पाठीवर गोटे वाहू लागला. पाठ वाकली, पण खळाळ पुन्हा बोलू लागला. तो ऐकून पाटील आले. म्हणाले, "शाब्बास! आता येतील ना मासे?"

तुळाजी म्हणाला,

"बाळंतिणीची खोली बांधून दिली, पाटील. बाळंतीण कुठून आणू?"

तात्पर्य: ज्याला कळतं, त्यानं वेळेवर बोलावं. मानासाठी गिळलेला शब्द मागून कितीही घाम गाळला तरी भरून निघत नाही.