मधली चौकट

“मग नऊ सेकंद जातात कुठे, सर?”

शर्वरी तोडणकरने लॅपटॉप मुल्लाणी सरांपुढे सरकवला. सर ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

सॉफ्टवेअरचे आराखडे करणाऱ्या आम्हा मंडळींत सांगतात, की मुल्लाणी सर आराखडा कुंडलीसारखा वाचतात. एकदा त्यांनी आराखडा उलटा धरून सांगितलं, हा करणाऱ्यांतला एक जण मंगळवारी राजीनामा देणार. त्याने सोमवारीच दिला. सर म्हणाले, उलटा धरला होता ना. मी तिथे नव्हतो, पण सोमवार होता एवढं नक्की.

“येत्या सोमवारपासून जिल्ह्यातल्या बासष्ट अँब्युलन्स या सॉफ्टवेअरवर धावणार,” शर्वरी म्हणाली. “लोकांचा फोन येतो, पत्ता लिहिला जातो, तो भाग माझा. ड्रायव्हरला निरोप जातो, तो खैरनारचा. माझा भाग चोख आहे. त्याचाही... बरा आहे. पण पत्ता माझ्याकडून त्याच्याकडे पोचायला नऊ सेकंद. छातीत कळ आलेल्या माणसाला नऊ सेकंद म्हणजे...”

सरांनी पडद्यावरच्या दोन चौकटी पाहिल्या. मग त्यांच्या मधली तिसरी.

“ही काय करते?”

“माझा पत्ता घेते, तपासते, त्याच्या पद्धतीने पुन्हा लिहिते आणि त्याला देते.”

“आणि ऑफिसात हे काम कोण करतं?”

“कुठलं?”

“तुझं म्हणणं खैरनारला सांगायचं.”

“पौर्णिमा. आमच्याच टीममधली.”

“कधीपासून?”

“चार महिने झाले. त्याने सगळ्यांसमोर माझ्या आराखड्याला रुखवत म्हटलं, सर.”

“आणि तू?”

“मी त्याच्या आराखड्याला गोदाम म्हटलं. पण ते नंतर.”

सरांनी एक शेंग फोडली आणि दाणे तिच्या हातावर ठेवले.

“ही मधली काढून टाकली तर?”

“तर त्याच्या भागाने माझा पत्ता जसाच्या तसा घ्यायला हवा. तो घेतो की नाही, मला काय माहीत?”

“थांब. विचारून येतो.”

सर उठले. आधी एका गुडघ्यावर हात, मग दुसऱ्यावर. सावकाश मागच्या दाराने गेले. बऱ्याच वेळाने परतले.

“खैरनार म्हणतोय, कसा पत्ता?”

“तो इथे आहे?”

“सकाळीच आलाय. हाच प्रश्न घेऊन. मागे पपईखाली बसलाय.”

शर्वरीने मागच्या दाराकडे पाहिलं. मान फिरवली.

“त्याला म्हणावं, लोक फोनवर सांगतात तसा. देवळामागे, निळ्या टाकीजवळ... असा.”

सर गेले. सर आले.

“म्हणतोय, टाकी कुठल्या गावची?”

“गाव पहिल्या ओळीत असतं. एवढंही कळत नाही?”

“हे शेवटचं पण सांगू?”

“...नको. नुसतं पहिल्या ओळीत म्हणा.”

सर पुन्हा गेले. या खेपेला इतका वेळ लागला, की शर्वरीपुढच्या चहावर साय धरली आणि एक मुंगी त्या सायीवरून चालत पलीकडच्या काठाला सुखरूप पोचली.

सर दाराशी येऊन भिंतीला टेकले. दम लागला होता.

“म्हणतोय, घेतो. पहिल्या दिवसापासून घेतो. तसा कुणी पाठवलाच नाही.”

शर्वरीने पडद्यावरच्या मधल्या चौकटीवर बोट ठेवलं.

“म्हणजे... चार महिने मी जे मध्ये बांधत बसले...”

“हेही विचारून येऊ?” सर पुन्हा वळले.

“नको, सर. बसा तुम्ही. मीच जाते.”

ती दारापर्यंत गेली. पपईखाली खैरनार पाठमोरा बसला होता. लॅपटॉप मांडीवर, हात मात्र थांबलेले.

शर्वरी उंबऱ्याच्या अलीकडेच थबकली.

“सर...”

“हं.”

“आधी बोलायचं कुणी?”

सर ओसरीवर टेकले. दोन्ही पाय लांब केले.

“पेशंटचा फोन आधी कुणाकडे येतो?”