खिडकीखालची गर्दी

लोकसभेच्या तिकिटासाठी पक्षाच्या मुलाखती चालल्या होत्या. वीस वर्षं पक्षासाठी राबलेल्या सुलभाताई गावंडे एकट्याच आत आल्या. निरीक्षकसाहेबांनी मान वर न करता खिडकीकडे बोट दाखवलं. खाली तिकीट मागणाऱ्या आमदारपुत्राच्या नावानं हजारभर माणसं घोषणा देत होती.

"ही त्याची ताकद. तुमची माणसं कुठायत?"

ताईंचा पारा चढला. त्यांनी खिडकी सताड उघडली आणि खाली हाक दिली.

"जेवणाच्या पंगती गाववार बसणार! आपापल्या गावाचं नाव सांगा!"

खालून गावांची नावं दणाणली. एकजात सगळी मतदारसंघाबाहेरची, शेजारच्या जिल्ह्यातली!

ताई वळल्या. "साहेब, माझी माणसं आज कामावर गेलीत. मतदानाला ती इथंच असतील. ही कुठं असतील, ते त्यांच्या ट्रकवाल्याला विचारा!"