बिनपल्ल्याचं दार

खारभाटच्या चर्चचा हा उत्तरेचा दरवाजा पाहा. दगडी चौकट शाबूत आहे, पल्ला मात्र नाही. पावसाळ्यात आत पाणी येतं, कुत्री शिरतात, तरी गावाने इथे पल्ला बसू दिलेला नाही. का, ते आमचे जुने लोक असं सांगतात.

फिरंग्यांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. बस्त्याव नावाच्या इथल्या कोळ्याला चाच्यांनी भर समुद्रात धरून नेलं. वर्ष उलटलं, गावाने त्याची आशा सोडली. मग एका दुपारी चाच्यांची गलबतं दिसली. सगळा गाव चर्चमध्ये शिरला, दारांना अडसर पडले. तेवढ्यात या दारावर थाप पडली.

"मी बस्त्याव! गलबतं नुसती दाखवायला आहेत. माणसं खाडीपलीकडे उतरलीत, साकवावरून येतायत. छपराला आग लावतील. बाहेर पडा!"

कोणी हललं नाही. वर्षभर चाच्यांचं अन्न खाल्लेला माणूस! त्याच्या पाठीमागे कोण उभं असेल, काय सांगावं?

त्याची थोरली बहीण नाताल दाराशी गेली. आवाज ओळखीचा होता, तरी तिने विचारलं, "आई तुला काय म्हणायची?"

"बोबड्या. बाय, मला आत घेऊ नको, पण पोरांना दक्षिणेच्या दाराने काढ."

नातालचा हात अडसरावर गेला. तेव्हा पाटील म्हणाला, "माणूस तोच आहे गं. पण आता तो कोणाचा आहे?"

तिने हात मागे घेतला.

बाहेर पावलं वाजली. झरोक्यातून लोकांनी पाहिलं, तर बस्त्याव एकटाच कोयता घेऊन साकवाकडे धावत होता. त्याने दोर तोडले. साकव कोसळला, पलीकडून बंदुकीचे बार झाले आणि तो काठावरच पडला. चाचे पलीकडेच अडकले. ओहोटी लागली तशी होड्या रुततील म्हणून त्यांनी पळ काढला, म्हणे.

त्या संध्याकाळी नातालने या दाराचा पल्ला उखडायला घेतला. तिला कोणी अडवलं नाही. त्याच फळ्यांची तिने भावाची शवपेटी करवली आणि इथे पुन्हा दार लागू देणार नाही, अशी शपथ घेतली.

पाटलाच्या घराण्यात मात्र वेगळंच सांगतात. चाच्यांशी बिनसलं, म्हणून बस्त्याव उलटला, म्हणे. खरं काय, ते त्या मातीला ठाऊक.

पण आजही खारभाटात दारावर थाप पडली, की आतून कोणी 'कोण?' म्हणून विचारत नाही. आधी दार उघडतात, मग माणूस बघतात.