चौथी पट्टी

“पण बाबा, तिचंच नाव का?”

मदारशा फकीर दर्ग्याच्या पायरीवर वाकळ शिवत बसले होते. सुई थांबली नाही.

“कोणाचं?”

“नलिनी अवसरेचं. माझीच विद्यार्थिनी. माती कशी चाळायची तेसुद्धा मी शिकवलं तिला,” डॉक्टर सोनटक्के म्हणाले.

त्यांनी आयुष्यभर माती आणि पाणी तपासलं होतं. बावीस वर्षांपूर्वी दर्ग्याची ही विहीर त्यांनीच तपासली. भोवतालच्या उसाला दिलेलं खत पाण्यात उतरलंय, पिऊ नका, असं त्यांनीच बाबांना बजावलं.

पुढे कधीतरी नियम झाला. विहिरीभोवती शंभर मीटर युरिया टाकायचा नाही आणि माती तपासल्याशिवाय दुकानदाराने पोतं द्यायचं नाही. लोक त्याला अवसरेबाईंचा नियम म्हणू लागले. ते दोन शब्द कानांवर पडले की डॉक्टर विषय बदलत.

“तुम्हीही सरकारला लिहून दिलं होतं ना?”

“दिलं होतं. अगदी हेच.”

“मग?”

“मी... प्रत्येक वाक्यात ‘बहुधा’ घातलं.”

“आणि बाईंनी?”

“तिने नाही घातलं.”

बाबांनी दातांनी दोरा तोडला.

“फार हुशार निघाली म्हणायची.”

“तेच पाहायला आलोय. कागदावर नियम झाला म्हणून पाणी सुधारत नाही, बाबा.”

डॉक्टरांनी विहिरीतून बादली ओढली. पिशवीतून एक कागदी पट्टी काढून पाण्यात बुडवली. पाण्यात खत असेल तर ती गुलाबी होते. जितकं जास्त, तितकी गडद.

मिनिटभर दोघं बघत राहिले.

पट्टी पांढरीच राहिली.

डॉक्टरांनी दुसरी बुडवली. मग तिसरी.

“म्हणजे चांगलं झालं?” बाबांनी विचारलं.

“...हो.”

“मग उद्यापासून पाणी टेकडीपलीकडून आणायला नको. माझे गुडघे दुवा देतील बाईंना.”

डॉक्टरांनी चौथी पट्टी काढून बुडवली.

“किती वेळा बघायचं असतं हे?”

“तीन वेळा. मीच शिकवायचो.”

“आणि ही?”

पट्टी उजेडाकडे धरून डॉक्टरांनी ती तिरकी केली. कडेला पुसटशी गुलाबी छटा दिसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना छातीत मोकळं वाटलं.

मग कळलं, पातळ कागदातून त्यांचंच बोट दिसत होतं.

त्यांनी मान वर केली. बाबा पट्टीकडे बघत नव्हते. त्यांच्याकडे बघत होते.

“बाबा, मला आत्ता... आनंद झाला होता.”

“दिसलं.”

उन्हाने डॉक्टरांचा घसा सुकला होता.

“थोडं पाणी देता?”

बाबांनी भरलेल्या बादलीकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले, रिकामी कळशी काखेत घेतली आणि टेकडीची वाट धरली.

“अहो बाबा, कुठे निघालात? इथे आहे की...”

बाबा वळले नाहीत.

“बसा, डॉक्टर. ते तुम्हाला गोड लागायचं नाही.”